चौदा दिवस स्वच्छ

मुलांनो, डोळे मिटायची गरज नाही. उघडे ठेवूनच एक खोली मनात आणा. तिच्या चारही भिंतींना आरसे टांगले आहेत. उभे, आडवे, गोल, अंड्याच्या आकाराचे, आणि एक कोपरा तुटलेला म्हणून कुणीच न नेलेला. मधोमध लांब टेबल आहे. काचेला ओरखडा पडू नये म्हणून त्यावर जाड हिरवं कापड अंथरलं आहे आणि ते चारही बाजूंनी जमिनीपर्यंत लोंबतं आहे. आता या खोलीत एका माणसाला बसवा. किती माणसं झाली? चाळीस तरी झालीच. आता त्याच्या शेजारी त्याच्या मेहुण्याला बसवा, आणि दोघांचं सकाळपासून बिनसलं आहे असं समजा. म्हणजे चाळीस माणसं दुसऱ्या चाळीस माणसांकडे बघायचं टाळत आहेत.

हे आपल्या आरसेवाल्यांचं दुकान, आणि त्याच्या मागे त्यांचं घर. या घरात रुसून बसणं भलतंच अवघड. भिंतीकडे तोंड केलं तरी भिंतच सगळ्यांना ते तोंड दाखवते.

त्या शनिवारी दुकानाचं दार अर्धं ओढून घेऊन सगळे तिथे जमले होते, कारण एक गोष्ट पाच वाजायच्या आत ठरवायची होती. गोष्ट भिंगरीची होती.

भिंगरी चार वर्षांची. ती एका जागी उभी राहत नाही, म्हणून भिंगरी. जन्मली तेव्हा तिचा वरचा ओठ डाव्या बाजूला नाकापर्यंत दुभंगलेला होता, आणि टाळूलाही लांब फट होती. टाळू म्हणजे आपल्या तोंडाचं छप्पर. जीभ वर लावून बघा, पुढे कडक लागेल, मागे मागे नेली की मऊ. तिचा ओठ चौथ्या महिन्यात शिवला, टाळू ती वर्षाची झाल्यावर. ओठावर आता एक बारीक पांढरी रेघ तेवढी उरली होती. टाळू दिसायला जुळला होता, पण भिंगरीचं बोलणं अजून नाकातून येत होतं. गुरुवारी मोठ्या हॉस्पिटलात टाळूचे डॉक्टर येणार होते. ते चार महिन्यांतून एकदाच येत. नाकातून बारीक नळी घालून, तिच्या टोकाच्या कॅमेऱ्याने ते बघणार होते की बोलताना मऊ टाळू पुरेसा वर उचलला जातो का. नसेल जात, तर आणखी एक ऑपरेशन. भिंगरीचा नंबर लागला होता. तो ठेवायचा की सोडायचा, हे आज पाचपर्यंत कळवायचं होतं.

"चौदा दिवस," आजोबांनी वही टेबलावर आपटली. "चौदा दिवस रोज सकाळी. बाबा, पापा, काका, टाटा. चारही शब्द. आरसा मी स्वतः धरलाय तिच्या नाकाखाली. एकदाही वाफ नाही, म्हणजे नाकातून हवाच जात नाही. आता नळी कशाला आणि कॅमेरा कशाला?"

भिंगरीच्या आईने वही ओढून घेतली. रेघा तिनेच मारून दिल्या होत्या. एका रकान्यात तारीख, एकात शब्द, एकात आरसा. आरशाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत आजोबांच्या वळणदार अक्षरात एकच शब्द होता. स्वच्छ. स्वच्छ. स्वच्छ.

आनंद व्हायला हवा होता. पण आई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करत होती. तिथल्या यंत्राने एकच आकडा चौदा वेळा दिला असता, तर तिने आकड्यावर विश्वास ठेवला नसता, यंत्र दुरुस्तीला पाठवलं असतं. मात्र सासऱ्यांना दुरुस्तीला कुठे पाठवायचं, हे तिला माहीत नव्हतं.

"अण्णा, पण ती बोलते ते ऐकता ना तुम्ही? पाणी हवं असलं की 'माणी' म्हणते."

"मला कळतं. तुला कळतं."

"शाळेत नाही कळणार."

"शाळेत पाण्याचा नळ असतो. नळाला सांगावं लागत नाही."

"मी अण्णांच्या बाजूने," मामा म्हणाला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. तो बस चालवत असे आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात गणवेशातच आला होता. "उगाच लेकराच्या नाकात नळ्या नकोत. ताई, असं बघू नकोस माझ्याकडे, मला ते सहा ठिकाणी दिसतंय."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला? अगं, या घरात तिचं बोलणं सगळ्यात आधी कुणाला कळलं? पहिला शब्द काय म्हणाली ती? 'मामा'. खणखणीत. तुमचं माणी-बिणी असेल नाकातलं, पण 'मामा' म्हणते ते अगदी सुस्पष्ट. आता याला मी काय करणार? काही माणसं लहान मुलांना मुळातच आवडतात."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला भिंगरीचे बाबा काच कापत होते. काच कापायची हिरकणी सर्रकन फिरली, पण रेघ जरा वाकडी गेली. चाळीस आरशांत चाळीस बाबांनी ओठ आवळले.

बाबांना हे रोजच ऐकावं लागे. मामाच्या बढाईचं त्यांना फारसं वाटत नसे. पण गेल्या मंगळवारी भिंगरी स्टुलावरून पडली, गुडघा फुटला, बाबांनी धावत जाऊन तिला उचललं, आणि ती त्यांच्याच गळ्यात पडून, त्यांच्याच खांद्यावर नाक घासत ओरडत राहिली, "मामा! मामा!" बाबांनी एका हाताने तिला थोपटलं आणि दुसऱ्या हाताने मेहुण्याला फोन लावला. मामा शेवटच्या थांब्यावर बस लावून धापा टाकत आला. तेव्हा भिंगरी बाबांच्या मांडीवर झोपली होती. मामाने तिला उठवून विचारलं, "हाक मारलीस मला?" ती त्याच्याकडे बघून पुन्हा रडायला लागली.

"दाजी, तुमचं मत काय?" मामाने विचारलं.

"माझं मत कोण विचारतंय," बाबा म्हणाले.

"मी विचारतोय की."

"म्हणूनच सांगत नाही."

कोपऱ्यात लाकडी चौकटी घासत बसलेली आत्या खुदकन हसली. ही आजोबांची थोरली बहीण, सत्तरी ओलांडलेली, पण घरात लहानथोर सगळ्यांची आत्याच. तीही भिंगरीसारखीच जन्मली होती. तिचा ओठ चौदाव्या वर्षी शिवला गेला, तोही ओढून-ताणून, आणि टाळू कधीच शिवला गेला नाही. तोंडात ती एक पट्टी बसवत असे, म्हणजे घास नाकात जात नसे. घरात ती भरपूर बोले. बाहेरचं माणूस आलं की मात्र तोंडाला कुलूप. गिऱ्हाईक आलं तर कागदावर लिहून दाखवी, आणि फोन वाजला तर तो वाजून वाजून थकेपर्यंत त्याच्याकडे बघत बसे. इथे तिचं बोलणं सरळ लिहिलं आहे, कारण घरातल्यांना ते तसंच ऐकू येत असे.

"वहीत लिहिलंय ते खरं असेल तर उत्तमच," आत्या म्हणाली. "फक्त चौदा दिवस तो आरसा कुणी बघितला?"

"मी बघितला," आजोबा म्हणाले.

"तेच विचारतेय."

एवढ्यात दार वाजलं आणि आत्याचं कुलूप लागलं. बोलायच्या बाई आल्या होत्या. त्यांचं खरं पद वाचाउपचारतज्ज्ञ. पण ते बोलता बोलता मामाची जीभ एकदा दुखावली होती, तेव्हापासून घरात त्या बोलायच्या बाई. आठ महिने भिंगरी त्यांच्याकडे जात होती, आणि आठ महिन्यांत तिथे तिने एक अक्षर उच्चारलं नव्हतं. खेळायची, उड्या मारायची, ठोकळे लावायची, पण बोलायचं म्हटलं की तोंड घट्ट. बाईंनी तिचा आवाज ऐकला होता तो फक्त आईच्या फोनमध्ये. म्हणून आज त्या घरीच आल्या होत्या.

त्या आत शिरल्या, चाळीस ठिकाणी स्वतःला बघून दचकल्या, आणि भिंगरी टेबलाखाली गेली. हिरवं कापड हललं आणि थांबलं.

बाईंनी वही वाचली. मग आईचा फोन कानाला लावून ध्वनिमुद्रण ऐकलं. मग पुन्हा वही वाचली.

"गंमत आहे," त्या म्हणाल्या. "कान एक सांगतोय आणि वही दुसरंच. आजोबा, मी दिलेला स्टीलचा आरसा वापरताय ना?"

"तो आरसा होता? तो पत्रा होता हो बाई. मी नवा केला." आजोबांनी खिशातून तळहाताएवढा आरसा काढला. कडा घासून लोण्यासारख्या मऊ केल्या होत्या.

"सुंदर आहे. कसं करता ते दाखवाल? भिंगरीवर नको. कुणावरही."

"माझ्यावर करा!" मामाने टोपी काढली आणि फोटो काढायला बसावं तसा ताठ बसला. "काय म्हणू?"

"काहीही म्हणा."

"मामा," मामा म्हणाला.

आजोबांनी नाकाखालचा आरसा झटकन काढला, वळवला, खांद्यावरचं फडकं त्यावरून एकदा गोल फिरवलं, आरसा उजेडात धरला, एक डोळा बारीक केला आणि सांगितलं, "स्वच्छ."

चाळीस आजोबांनी चाळीस फडकी चाळीस खांद्यांवर परत टाकली.

"आजोबा," बाई हळूच म्हणाल्या, "'म' म्हणताना सगळ्यांचीच हवा नाकातून जाते. तुमची, माझी, सगळ्यांची. 'मामा' म्हटल्यावर वाफ यायलाच हवी होती."

"आली नाही ना?" मामा घाबरला. "म्हणजे माझ्यात काही बिघाड आहे? ताई, माझा पण नंबर लावायचा का गुरुवारी?"

"पुन्हा एकदा करा," बाई म्हणाल्या.

मामा "मामा" म्हणाला. आरसा खाली, फडकं गोल, उजेडात. "स्वच्छ."

"अण्णा!" आई, बाबा आणि मामा एकदम ओरडले.

"काय झालं?"

"पुसलंत!"

"कोणी?"

"तुम्ही!"

"काहीतरीच काय! मी कशाला पुसू?"

बाबांनी उठून त्यांच्या खांद्यावरचं फडकं काढून घेतलं. "आता करा."

मामाने तिसऱ्यांदा "मामा" म्हटलं, या वेळी जरा केविलवाण्या आवाजात. आरशावर पांढरी वाफ धरली. सगळ्यांनी माना पुढे काढल्या. आजोबांचा डावा हात खांद्याकडे गेला, तिथे काही सापडलं नाही, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्यांनी सदऱ्याच्या बाहीने आरसा लख्ख पुसला.

"स्व..." ते म्हणाले आणि थांबले. आपलाच हात त्यांनी समोरच्या सहा आरशांत बघितला.

आईला हसू आवरेना, आणि रागही आवरेना. दोन्ही एकदम येऊन तिला उचकी लागली. "चौदा दिवस! अण्णा, मी या वहीवर विश्वास ठेवून गुरुवार सोडणार होते! चार महिने गेले असते. तोवर शाळा सुरू झाली असती."

"मी आधीपासून ताईच्याच बाजूने होतो," मामा म्हणाला.

"दहा मिनिटांपूर्वी?"

"तेव्हा माहिती अपुरी होती."

आजोबा स्टुलावर बसले. बावन्न वर्षं त्यांनी आरसे केले होते आणि एकाही गिऱ्हाइकाला वाफ धरलेला आरसा दाखवला नव्हता. डाग दिसला की हात आपोआप जाई, डोळ्याला कळायच्या आधी. हे खरंच होतं. तसं सांगून मोकळं होता आलं असतं. पण ते खोटं बोलू लागले की कोपऱ्यातून बहीण बघत असे, आणि आत्ताही ती बघत होती.

"पहिले दोन दिवस मला खरंच कळलं नाही," ते म्हणाले. "तिसऱ्या दिवशी दिसली होती वाफ. मग हाताला म्हटलं, चालू दे तुझं." त्यांनी आरसा उलटा करून मांडीवर ठेवला. "हिचा ओठ शिवला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. दाराबाहेर उभं केलं होतं मला. आतून हिचा आवाज येत होता. तो डॉक्टर हात धुऊन निघून गेला, पुन्हा कधी आला नाही. मला तो आवाज नको होता या घरात. एवढंच."

आईची उचकी थांबली. ही गोष्ट तिने आजवर ऐकली नव्हती.

"आता तसं नसतं, आजोबा," बाई म्हणाल्या. "आता पूर्ण झोपवून करतात. आणि आधी कॅमेऱ्याने बघतात, टाळूचा पडदा कुठे उचलला जातो, कुठे फट राहते. मऊ टाळू लांब करायचा की आतले स्नायू पुन्हा जुळवायचे, ते बघून ठरवतात. अंदाजाने कुणी चिरत नाही. कदाचित ऑपरेशन लागणारही नाही, सवय मोडायचे व्यायाम पुरतील. पण फट असेल, तर व्यायामाने ती बुजत नाही. ते बघितल्याशिवाय कसं कळणार?"

"ओठाच्या वेळी आठवतं ना, अण्णा?" बाबा पहिल्यांदाच पुरं वाक्य बोलले. "तोंडात ती छोटी पट्टी बसवायचे, दर आठवड्याला थोडी घासून बदलायचे, गालाला चिकटपट्टी. शिवायच्या आधीच फट निम्मी झाली होती. तुम्हीच म्हणाला होता, ही माणसं चौकटीत काच बसवावी तसं माप घेऊन काम करतात."

"म्हणालो होतो," आजोबांनी कबूल केलं. "त्यांचं काम चोख होतं."

"मग ठरलं तर," मामा म्हणाला.

"काय ठरलं?" बाई म्हणाल्या. "त्या तपासणीत मुलाला बोलावं लागतं. नाकात नळी असताना, अनोळखी डॉक्टरांसमोर. ती गप्प राहिली तर काहीच दिसणार नाही. माझ्यासमोर तरी ती कुठे बोलते?"

सगळे हिरव्या कापडाकडे वळले.

पुढची दहा मिनिटं तुम्ही बघायला हवी होती. मामा गुडघ्यांवर बसून कापडाखाली डोकं घालून बसचा भोंगा वाजवत होता. आजोबांनी दुसऱ्या बाजूने डोकं घातलं आणि दोघांची टक्कर झाली. बाबा तिसऱ्या बाजूने काचेचा लोलक फिरवून दाखवत होते. आरशांत नुसत्या मोठ्या माणसांच्या पाठी दिसत होत्या. "फक्त एकदा 'बाबा' म्हण, भिंगरी." "म्हण गं, पापा." "काका म्हण, या घरात काका नाहीये तरी म्हण!"

कोपऱ्यातून आत्या हे बघत होती. तिला टेबलाखालच्या पोरीचं मन स्वच्छ कळत होतं. चारजण तोंडाकडे डोळे लावून बसले की तोंडातला शब्द कसा आकसतो, हे या खोलीत फक्त तिला माहीत होतं. तिने आपलं सगळं आयुष्य त्या टेबलाखालीच काढलं होतं म्हणा ना. तिथून बाहेर यायला तिला कुणी कारणच दिलं नव्हतं. बाईंकडे तिने एकदा बघितलं. ही बाई आठ महिने एका शब्दासाठी थांबली आहे, तिने मनात म्हटलं. आणि माझा तो डॉक्टर दहा मिनिटंही थांबला नव्हता.

तिने चौकट खाली ठेवली, उठून भावाच्या मांडीवरचा आरसा घेतला, स्वतःच्या नाकाखाली धरला आणि परक्या बाईसमोर मोठ्याने म्हणाली, "बाबा."

ते "बाबा" सगळं नाकातून आलं. आरसा पांढराफटक झाला.

आजोबांनी दोन्ही हात आपल्या काखांत दडपून धरले.

टेबलाखालून आधी एक डोळा बाहेर आला, मग भिंगरी. ती आत्याजवळ गेली, चवड्यांवर उभी राहून तिने ती वाफ बघितली. इतकी मोठी वाफ तिने कधी बघितलीच नव्हती. तिच्या वाट्याला नेहमी पुसलेला आरसा येत होता.

"मला!" ती म्हणाली.

बोलायच्या बाईंनी आठ महिन्यांत ऐकलेला हा पहिला शब्द. त्यांनी मोठ्या कष्टाने चेहरा साधा ठेवला.

आत्याने आरसा तिच्या नाकाखाली धरला. भिंगरीने छाती फुगवली आणि सगळ्यांना ऐकू आलं, "मामा!"

"बोल, राजा, इथेच आहे मी!" मामा टेबलाखालून उठायला गेला आणि त्याचं डोकं आपटलं.

"तुम्हाला नाही बोलावलं," बाई म्हणाल्या.

"आता नाव घेतलं ना माझं?"

"तिने 'बाबा' म्हटलं. आत्यांनी म्हटलं तेच. 'ब'साठी ओठ मिटून आत हवा साठवावी लागते. तिची हवा मागच्या फटीतून नाकात पळते, साठतच नाही. मग 'ब'चा 'म' होतो. 'पाणी'चं 'माणी' होतं, तसंच 'बाबा'चं..."

वाक्य पुरं करायची गरज उरली नाही. घरातल्यांनी भिंगरीचा एकेक शब्द उलगडून घेतला होता. 'माय' म्हणजे पाय, 'मोट' म्हणजे बोट. पण 'मामा' हा शब्द आयता अर्थ घेऊनच आला, म्हणून तो कुणी उलगडून बघितलाच नव्हता, रोज सकाळी आरशातच गुंतलेल्या आजोबांनीही नाही.

बाबांनी हातातला लोलक जपून टेबलावर ठेवला. "मंगळवारी," ते म्हणाले. "गुडघा फुटला तेव्हा."

"तेव्हा ती बाबाच म्हणत होती, अहो," आई म्हणाली.

"आणि मी हिच्यासाठी याला फोन करत होतो." बाबांनी मामाकडे बोट दाखवलं. "दोन वर्षं! रात्री ताप आला की फोन, स्वप्न पडलं की फोन. हा येऊन माझा चहा पिऊन जात होता!"

"दाजी, मी फुकट नाही आलो, बस सोडून आलोय," मामा कपाळ चोळत म्हणाला. मग जरा वेळाने, "पण मला कधीच हाक मारली नाही का हो तिने? चार-पाच वेळा तरी मारली असेल की?"

"असेल," बाई म्हणाल्या. "दोन्ही सारखंच ऐकू येतं."

"मग निम्मे निम्मे धरू," मामा म्हणाला. बाबा भिंगरीकडे बघत होते, आणि चाळीसच्या चाळीस आरशांत त्यांचे कान लाल झाले होते.

आत्याने आरसा उजेडात धरला होता. आईने पेन्सिल घेतली, वहीत नवी ओळ मारली आणि लिहिलं, "वाफ." पाचला वीस मिनिटं कमी होती.

"दुखतं?" भिंगरीने बाईंना विचारलं. शब्द नाकातच होता, पण बाईंना कळला.

"नळी? आधी औषधाचा फवारा मारतात. मग गुदगुल्या होतात, डोळ्यांत थोडं पाणी येतं. छान नसतं. पण एका गाण्याएवढा वेळ लागतो."

"तिच्या आधी माझ्या नाकात घाला," आत्या म्हणाली. "तिला बघू दे." बाईंनी तिच्याकडे वळून बघितलं तशी ती म्हणाली, "काय? सत्तरीत तपासत नाहीत?"

"तपासतात," बाई म्हणाल्या. "सत्तरीतही काही ना काही करता येतं. निदान ती जुनी पट्टी तरी नीट मापाची मिळेल."

आजोबांनी काखेतला एक हात काढून डोळे पुसले. या वेळी त्यांना कुणी अडवलं नाही.

आईने फोन लावला, आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. पलीकडून नोंदणी खिडकीवरच्या बाईंचा घाईचा आवाज आला. "हां, गुरुवारची टाळूची तपासणी. पेशंट कोण?"

"मी," भिंगरी म्हणाली.

आईचा हात फोनकडे गेला. बोलायच्या बाईंनी तो मनगटाशी हळूच धरून ठेवला.

"अगंबाई, छोटा पेशंट वाटतं! बरं, तुझ्यासोबत कोण येणार?"

भिंगरीने सांगितलं.

"मामा. ठीक आहे, मामा लिहिते."

मामाने टोपी घातली. "नाही," भिंगरी म्हणाली आणि पुन्हा सांगितलं, जोरात.

"हो हो, मामाच लिहिलंय बाळ."

खोलीतल्या प्रत्येकाने तोंड उघडलं आणि बाईंनी बोट ओठांवर ठेवून प्रत्येकाला ते मिटायला लावलं. भिंगरीने कपाळाला आठ्या घातल्या. हवा नाकातून पळते, असं मघाशी बोलायच्या बाई म्हणाल्या होत्या. तिने समोरच्या आरशात आपल्या नाकाकडे बघितलं. मग दोन बोटांनी ते चिमटीत घट्ट धरलं.

"बाबा," ती म्हणाली.

ते "बाबा" होतं. कुणालाही, कुठेही कळलं असतं असं.

"अच्छा, बाबा! मग आधी सांगायचं की. बाबा लिहिलं."

बाबा खाली बसले. तिथे स्टूल होतं, हे त्यांचं नशीब.

"आणि मामा," मामा कुजबुजला. "मामापण येणार म्हणून सांग ना, राजा."

भिंगरीने नाक न सोडताच मामाचंही नाव घेतलं.

"लिहिलं म्हटलं ना, बाबा," पलीकडून आवाज आला. "किती वेळा सांगशील?"

"म्हणजे आता मी कायमचा गेलोच का!" मामा ओरडला.

आईला हसता हसता पुन्हा उचकी लागली. "हॅलो? बाळ? आणखी कोण येणार आहे?" फोन विचारत होता. पण भिंगरीला आता फोनसाठी वेळ नव्हता. ती टेबलाला वळसा घालून कोपऱ्यात गेली. तिथे आत्या आरसा मांडीवर घेऊन बसली होती. भिंगरी तिच्या स्टुलाच्या दांडीवर चढली. एका हाताने तिने आपलं नाक धरलेलंच होतं. दुसऱ्या हाताने तिने आत्याचं नाक चिमटीत धरलं, आणि ती काय म्हणते ते ऐकायला तोंडाशी कान नेऊन उभी राहिली.